कातडीवरचे गाव, नावातले गाव

गोंदणे हा आपल्या मुलुखात नवा प्रकार नाही. खेड्यापाड्यांतल्या बायका कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवे ठिपके गोंदवून घेत. दागदागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी त्यांची समजूत. आता हातातल्या सुईच्या जागी विजेचे यंत्र आले, ठिपक्यांच्या जागी अक्षरे आली आणि गोंदवून घेणाऱ्यांत आपलीही मुले दिसू लागली. कुणाला दंडावर गावाचे नाव हवे असते, कुणाला वारलेल्या दादीचे. कामधंद्यासाठी मुंबईला किंवा आखातात निघालेला कोकणातला पोरगा म्हणतो, "गाव सुटले, दादी गेली. काहीतरी अंगावर असू द्या."

त्याला आपण काय उत्तर देतो? "हराम आहे" एवढे सांगतो आणि मोकळे होतो.

हुकूम स्पष्ट आहे, त्यात आम्हाला आडवळण घ्यायचे नाही. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या स्त्रियांवर तीत लानत आहे, आणि अल्लाहच्या निर्मितीत फेरबदल हे त्याचे कारण सांगितले आहे. उलेमांनी ही मनाई पुरुषांनाही लागू मानली. मात्र गोंदलेल्याचा वुजूच होत नाही, हे जे आपल्याकडे ठासून सांगितले जाते, त्याला आधार नाही. शाई कातडीच्या आत असते, ती पाणी अडवत नाही. तेव्हा ज्याने आधीच गोंदवले आहे त्याला टोमणे मारून मशिदीच्या पायरीवरून परत पाठवण्याचे पुण्य कुणी घेऊ नये.

पण हुकूम सांगितला म्हणजे प्रश्न संपला का? मनाई गोंदण्याला आहे, आठवण ठेवण्याला नाही. मक्का सोडताना पैगंबरसाहेबांनी त्या शहराला उद्देशून म्हटले, की तू मला सर्वांत प्रिय आहेस, माझ्या लोकांनी मला घालवले नसते तर मी तुला सोडले नसते. तिर्मिझीत ही हदीस आहे. गावाची ओढ हा कमकुवत मनाचा लाड असता, तर हे उद्गार आलेच नसते.

ज्यांच्या संग्रहात गोंदण्याची मनाई नोंदलेली आहे, त्या इमाम बुखारींचेच पाहा. त्यांचे नाव मुहम्मद बिन इस्माईल. बुखारा हे त्यांचे जन्मगाव. तिथल्या सुभेदाराशी बिनसल्याने अखेरच्या दिवसांत त्यांना गाव सोडावे लागले आणि इ. स. 870 मध्ये समरकंदजवळ त्यांचा इंतकाल झाला. ज्या गावाने त्यांना ठेवून घेतले नाही, ते गाव आज त्यांच्या नावाने जगभर ओळखले जाते. असरार उल हसन खान म्हटले तर किती जण ओळखतील? मजरूह सुलतानपुरी म्हटले की सुलतानपूर आपोआप येते. आपल्या कोकणातली 'कर' लावलेली आडनावे हेच काम करतात. कातडीला टोचा न लावता गाव पुढच्या पिढीकडे जाते.

इथे शास्त्राने सांगितलेली एक गोष्ट आम्हाला विचार करण्याजोगी वाटते. गोंदण का टिकते? मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की कातडीतल्या काही पेशी शाई गिळून बसतात. त्या मरतात तेव्हा शाई सुटते आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी ती पुन्हा उचलतात. म्हणजे गोंदणसुद्धा एका पेशीच्या भरवशावर टिकत नाही, एकीने दुसरीकडे सोपवले म्हणून टिकते. ही सोपवणूक मात्र त्या माणसाबरोबर थांबते. बापाच्या दंडावरचे गाव मुलाच्या दंडावर उगवत नाही.

मग नावातले गाव तरी खरे टिकते का? हा सवाल गोंदणाला नाही म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःला विचारायला हवा. आडनावात गाव आहे आणि गावातल्या घराला दहा वर्षे कुलूप आहे. दादीचे नाव नातीला ठेवले आणि दादीच्या कबरीची वाट कुणाला ठाऊक नाही. असे नाव आणि असे गोंदण यांत फरक काय राहिला? एक कातडीवर आहे, दुसरे रेशनकार्डावर.

हजरत खदीजा यांच्या इंतकालानंतर पैगंबरसाहेब बकरी जिबह करत, तेव्हा तिचे वाटे खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. हजरत आयेशांनी हे सांगितले आहे. आठवण ठेवण्याची याहून सोपी आणि याहून अवघड रीत आम्हाला माहीत नाही. सोपी, कारण तिला पैसा आणि विद्वत्ता लागत नाही. अवघड, कारण गोंदण एकदा दुखते आणि जन्मभराचे काम झाले असे वाटते; ही रीत दर वेळी नव्याने पाळावी लागते.

त्या पोराला "नको" जरूर म्हणावे. पण दादीची एखादी मैत्रीण गावात अजून असेल, तिचे घर त्याला दाखवावे. बकरी ईदच्या गोश्तातला एक वाटा त्याच्या हातून तिच्याकडे जावा, आणि पुढच्या वर्षी तो आखातात असला, तर त्याच्या धाकट्या भावाने तो न्यावा.