वाद्याचा ठावठिकाणा

१९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गीतात बड आयझॅक्स यांनी तार झंकारत असतानाच पेडल दाबले आणि अमेरिकी कंट्री संगीताला एक वळणारा स्वर लाभला. अशा वादकांच्या पेडल स्टील गिटारी आज कोठे आहेत, याचा शोध रसिक घेतात. पण सापडलेले वाद्य तेच असते काय? पेडलपासून तारेपर्यंतची जुळणी प्रत्येक वादक आपल्या पायाला व कानाला मानवेल तशी करून घेतो. नव्या धन्याने ती बदलली, तर तो अपराध मी मानणार नाही. वाद्य वाजण्यासाठीच असते. मात्र जुनी जुळणी आधी नोंदवून ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अन्यथा पहिल्या वादकाचे पाऊल कोठे पडत होते, हे शोधकाला वाद्य हाती येऊनही कळणार नाही.