कितवा केस?

माणूस जन्मला की त्याची नोंद होते, लग्नाची होते, मरणाची तर हमखास होते. पण त्याला टक्कल नेमके कोणत्या दिवशी पडले, याची नोंद कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या कुठल्याही दप्तरात सापडायची नाही. यात महापालिकेची हयगय नाही. मिलेटसच्या युबुलिडीस नावाच्या ग्रीक गृहस्थाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच हा घोळ घालून ठेवला आहे. त्याचे म्हणणे असे की, भरघोस केसांच्या माणसाचा एक केस उपटला तर तो टकला होतो का? नाही. आणखी एक उपटला तर? तरी नाही. एका केसाने काय होते! असे एकेक करीत शेवटचा केस गेला, तरी त्या एका केसाने टक्कल पडले असे म्हणता येणार नाही. आणि तरीही जगात टकले आहेतच. तत्त्वज्ञ यावर आजही वाद घालतात. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तुमच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र हा प्रश्न पडत नाही. त्याला वरून सगळे दिसत असते.

स्वतः टकल्याला ही बातमी सगळ्यांत उशिरा कळते. टाळू बघायला निसर्गाने डोळे दिलेले नाहीत. ते काम सलूनवाला करतो. कटिंग झाले की तो मानेमागे दुसरा आरसा धरतो. इतकी वर्षे आपण त्यात न बघताच मान डोलावलेली असते. एक दिवस बघतो, आणि समोरच्या आरशातल्या मागच्या आरशात कोणीतरी परका गृहस्थ बसलेला दिसतो. आमचा पारनाक्यावरचा सलूनवाला मोठा सज्जन. त्या दिवसापासून तो पैसे तेवढेच घेतो, पण कात्री पूर्वीपेक्षा जास्त वाजवतो. कापण्यासारखे नसले तरी आवाजाने गिऱ्हाइकाचे समाधान होते.

मग कारणमीमांसा सुरू होते. कल्याणात काहीही बिघडले तरी पहिला आळ पाण्यावर जातो. बोअरचे पाणी, टँकरचे पाणी, टाकीतले पाणी. त्यानंतर हेल्मेट, शाम्पू, जागरण, आणि बायको माहेरी गेलेली असेल तर बायको. खरे पाहता बहुतेक पुरुषांचे टक्कल यांपैकी कशानेच पडत नाही. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे, म्हणजे उच्चारतानाच चार केस गळावेत असे, एक संप्रेरक शरीरात असते. काहींच्या टाळूवरची केसांची मुळे त्याला भितात. प्रत्येक खेपेला उगवणारा केस आधीच्याहून बारीक उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते. मुळांचा हा भित्रेपणा आईवडील दोघांकडूनही येतो. तेव्हा मामाच्या डोक्याकडे बघून आईला बोल लावणाऱ्यांनी काकांच्या डोक्याकडेही एकदा पाहून घ्यावे.

गळण्याचे दुसरेही प्रकार आहेत. रोज पन्नास ते शंभर केस धडधाकट माणसाचेही गळतात, त्यांचे काही नाही. टायफॉइड, बाळंतपण, मोठे ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने केस येतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि शिव्या नव्या साबणाला बसतात. ते बहुधा परत उगवतात. रक्तातले लोह कमी, थायरॉइड बिघडलेले, डोक्यात चाई पडलेली, ही कामे डॉक्टरची, तेलाची नव्हेत. आणि कधीकधी कारण अगदी ताटात असते. २०२४च्या डिसेंबरअखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांतून माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, कॉलेजातल्या मुलींचेही. तिथेही पहिला संशय पाण्यावरच! पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या बातम्या वाचताना टकलांवरचे विनोद कोणालाच सुचले नाहीत. पस्तिशीतल्या कारकुनाचे कपाळ मागे सरकते तेव्हा आपण हसतो आणि अठराच्या मुलीचे डोके उघडे पडते तेव्हा गप्प होतो. केस दोघांचेही तेच. हा फरक आपण केव्हा आणि कोणाला विचारून केला?

उपायांचे म्हणाल तर जास्वंद, माका, कांद्याचा रस यांनी घराला वास येतो आणि मनाला धीर येतो. कायदा मात्र या बाबतीत कठोर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांचे ‘जे’ नावाचे एक परिशिष्ट आहे. अमुक रोग आमच्या औषधाने बरा होतो असा दावा करायला ज्या रोगांबाबत मनाई आहे, त्यांची ती यादी. तिच्यात कर्करोग आहे, मोतीबिंदू आहे आणि टक्कलही आहे. इतक्या भारदस्त पंगतीत आपल्याला पान वाढलेले पाहून कुठल्याही टकल्याची मान ताठ व्हावी!

खरोखर उपयोगी पडणारी औषधे मोजकीच. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबावरचे. ते घेणाऱ्यांना नको तिथे केस येऊ लागले, तेव्हा ते हवे तिथे लावून बघण्याची कल्पना निघाली आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ही भाड्याची जागा. भाडे थांबले की काही महिन्यांत बिऱ्हाड हलते. फिनास्टेराइडची गोळी त्या भीतिदायक संप्रेरकालाच आवर घालते. ती डॉक्टरला विचारून, दुष्परिणाम ऐकून मगच घ्यावी. तिसरी गोष्ट केसांचे रोपण. मागचे, कानांजवळचे केस भित्रे नसतात, आणि गंमत म्हणजे पुढे आणून लावले तरी ते आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी हे १९५९ साली मांडले. मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्या बाकावर आणून बसवला तरी निर्धास्तच राहतो, तसलाच प्रकार. मात्र एकूण मुले वाढत नाहीत, फक्त जागा बदलतात.

आणि चौथा उपाय म्हणजे टोप. इथे खरी अडचण सुरू होते, कारण इथे वैद्यक संपते आणि नीती लागते. २०२० साली आमच्याच ठाणे जिल्ह्यात, मीरा रोडला, एका नव्या नवरीने पोलिसांत तक्रार दिली की नवऱ्याने विग घालून टक्कल लपवले आणि लग्न केले. केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार इतका शब्दशः खरा झालेला मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी ‘बाला’ नावाच्या हिंदी सिनेमात नायकाने हेच केले होते आणि थिएटरात लोक हसले होते.

मग खोटेपणा नेमका कुठे सुरू होतो? कलप लावलेला कुठलाही उपवर गृहस्थ आजवर चौकीवर गेलेला नाही. कवळी चालते, पावडर चालते, उंच टाचा चालतात, वधूपरीक्षेला शेजारणीच्या हातचे पोहे ‘मुलीनेच केलेत’ म्हणून चालतात. एका कानापासून निघून दुसऱ्या कानाला टेकणारे सात केस तर आम्ही साहेब लोकांच्याही डोक्यावर आदराने पाहिले आहेत. युबुलिडीसचा घोळ हा असा दुसऱ्या दाराने परत येतो. कितव्या केसाला टक्कल पडते हे सांगता येत नाही, तसे कितव्या झाकण्याला फसवणूक होते हेही सांगता येत नाही. म्हणून काही लबाड लोक म्हणतात की मग फसवणूक असे काही नसतेच. हे म्हणजे सीमा आखता येत नाही म्हणून टक्कलच नाही म्हणण्यासारखे झाले. मला विचाराल तर केस मोजू नयेत, समोर कोण बसले आहे ते बघावे. लोकलमधल्या परक्या माणसाला माझ्या टाळूचा हिशेब देणे मी लागत नाही. जी जन्मभर त्या टाळूशेजारी उशी टाकणार आहे, तिला तो लागतो, आणि तोही अक्षता पडण्यापूर्वी.

‘केसांत काय आहे, आहे तसे स्वीकारावे’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. बहुधा त्यांचे केस दाट असतात. केसांत काही नसते तर आपल्या समाजाने विधवेचे केस काढून तिला विद्रूप करण्याचा एवढा खटाटोप कशाला केला असता? तिला काय गेले ते नीट माहीत होते म्हणूनच ते काढले जात होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. शास्त्रार्थ करणारे शास्त्रार्थ करीत राहिले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत. टाटा हॉस्पिटलमध्ये केमोथेरपी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांचे केस गेले. काकूंनी आधी सगळ्या इमारतीला स्वतः सांगितले, आणि मगच विग आणला. हळदीकुंकवाला तो घालून बसल्या तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते, तरी बायका वाकून वाकून ‘छान दिसतोय हो’ म्हणत होत्या, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. एकदा मी सोसायटीच्या पावतीसाठी अवेळी बेल दाबली. दार उघडले ते डोक्याला रुमाल बांधून. मी ओशाळलो. काकू म्हणाल्या, “या हो, लाजताय काय? धुऊन वाळत घातलाय.” गॅलरीत दोरीवर, काकांच्या बनियनशेजारी, तो चिमट्याला लटकत होता.

उपचार संपल्यावर केस पुन्हा आले. असे येताना कधीकधी ते पहिल्याहून वेगळे येतात. काकूंचे जन्मभराचे सरळ केस आता कुरळे झाले आहेत. परवा स्टेशनात तिकिटाच्या रांगेत एका तरुण मुलीने त्यांना विचारले, “काकू, काय सुंदर कर्ल्स आहेत! कुठल्या पार्लरला जाता?”

“परळच्या,” काकू म्हणाल्या, आणि दोन रिटर्न मागितली.