दम

पहाटे साडेपाचच्या सुमाराला भांडगावात दोन आवाज ऐकू येतात. एक पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा. तो रात्रभर चालूच असतो, कान त्याला सरावलेत. दुसरा मैदानावरून येतो. कबड्डी-कबड्डी-कबड्डी... एका श्वासात ओवलेला, लांबत जाणारा आणि मध्यरेषेशी येऊन तुटणारा. गावातल्या दहा-बारा पोरी सरावाला आलेल्या असतात. फिरायला निघालेला मी तिथं रोज थोडा रेंगाळतो.

रेंगाळणारा मी एकटा नसतो. कडेला पालक उभे असतात. कुणी डेअरीला दूध घालायला निघालेला, गाडीला किटल्या लटकलेल्या. कुणी रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देऊन परस्पर आलेला, पायाला चिखल तसाच. कुणी आई डब्याची कणीक भिजवून, वर ताट झाकून आलेली. मैदानात पोरींचा सराव चालतो आणि कडेला सरांची परीक्षा.

"सर लई मऊ हायेत. पोरींना जरा दम द्यायला पाहिजे."

"माझ्या भावाच्या गावाला मॅट आहे, मॅट. हितं मातीत गुडघे फुटलेत पोरीचे."

"सहा महिने झाले, आमचीला अजून सातात घेईनात."

"आधीचे सर बरे होते."

"अण्णा, आधीच्या सरांना तुम्हीच घालवलंत की!"

मग सगळे हसतात. कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं, "गावाचं नावच भांडगाव, आपण तरी काय करणार!" आणि वाद दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब होतो.

कबड्डीत मैदानावर सात जणी खेळतात आणि पाच राखीव असतात. बाराचा संघ. बरेच दिवस ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सर कसे आहेत याचं उत्तर बहुतेक वेळा या सात-पाचाच्या हिशेबात दडलेलं असतं. जिची पोरगी सातात, तिच्या बापाला सर म्हणजे देवमाणूस. जिचा नंबर आठवा, तिच्या आईला सरांच्या शिकवण्यात खोट दिसते. मध्यंतरी एकीचा घोटा मुरगळला. तिच्या जागी राखीव पोरगी आत गेली. त्या आठवड्यात मुलींनी जागा बदलल्या आणि कडेला उभ्या असलेल्या दोन बापांनी मतं बदलली.

यावर हसू येतं, पण या माणसांवर हसावंसं मला वाटत नाही. अर्धी चड्डी घालून अंधारात मैदानावर गेलेल्या नातीवरून घरात आजीशी वाद यांनीच घातलेला असतो. शेजारपाजारच्यांना उत्तरं यांनीच दिलेली असतात. दहावीच्या वर्षाला पोरीनं खेळावं की क्लासला जावं, हा निर्णय यांच्या डोक्यावर असतो. त्यात 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. हे घरोघरी मोबाइलवर पाहिलेलं आहे. आपल्याही पोरीचं काही होईल, ही आशा खरी आहे. घाई मात्र त्या आशेच्या मागोमाग येते.

आणि घाई म्हटलं की मला तो शब्द आठवतो, जो कडेलाही आहे आणि मैदानातही. दम.

मराठीनं या दोन अक्षरांकडून किती कामं करून घेतली आहेत! धावून आलेल्याला दम लागतो. चुकलेल्याला दम भरतात. घाबरवायचं असेल तर दम देतात. उतावळ्याला सांगतात, जरा दम धर. आणि कबड्डीत दम म्हणजे साक्षात खेळाचा प्राण. पलीकडे गेलात की एका श्वासात कबड्डी म्हणत राहायचं, तो सुटला की चढाई संपली. श्वास या अर्थाचा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आपल्या शम-दमातला दम मात्र संस्कृत, त्याचा अर्थ इंद्रियांवरचा ताबा. दोन भाषांतले दोन शब्द मराठीत येऊन एकमेकांना असे भेटले, की श्वास धरणं आणि धीर धरणं आपल्याला एकच वाटू लागलं.

यावरून नाशिकच्या शैलजा जैन यांची गोष्ट सांगायला हवी. नाशिकला वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवलेल्या या बाई पुढे इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. परका देश, परकी भाषा. त्या फारसी शिकल्या. मुलींच्या रोजच्या सरावात त्यांनी योग आणि प्राणायाम आणला. ज्या भाषेतून आपल्याला दम मिळाला, त्या भाषेच्या मुलींना नाशिकची बाई श्वास कसा धरायचा ते शिकवत होती.

2018 च्या आशियाई स्पर्धा जकार्तात झाल्या. मुलींची कबड्डी या स्पर्धांत 2010 साली आली. 2010 आणि 2014, दोन्ही वेळा सुवर्ण भारताचं. 24 ऑगस्ट 2018 च्या अंतिम सामन्यात समोर इराण. भारताच्या संघात मुंबईची सोनाली शिंगटे होती, पुण्याची सायली केरीपाळे होती. आणि पलीकडच्या बाजूला, इराणच्या मुलींच्या मागे, मराठी बोलणाऱ्या शैलजाताई. इराण 27, भारत 24. तीन गुणांनी सुवर्ण तिकडे गेलं.

त्या दिवशी अनेकांना प्रश्न पडला, एवढी जाणती बाई आपल्याकडे का नव्हती? मला दुसरा प्रश्न पडतो. अशी एखादी बाई आपल्या गावच्या मैदानावर उद्या उभी राहिली, तर कडेला उभे असलेले आपण तिला ओळखू का? पहिले तीन महिने ती पोरींना श्वास घ्यायला आणि सोडायला शिकवील. गुण नाहीत, चषक नाही, पेपरात फोटो नाही. आपण म्हणू, "मॅडम नुसता योगा घेतात, कबड्डी कधी शिकवणार?" आणि चौथ्या महिन्यात पोरीचं नाव दुसऱ्या क्लबात घालू.

मग चांगला प्रशिक्षक ओळखायचा कशावरून? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची, पदविका असेल तर उत्तमच. शरीराचं शास्त्र शिकलेल्या माणसाच्या हाती पोरीचे गुडघे सुरक्षित असतात. पण ते प्रमाणपत्र भिंतीवर असतं. मैदानावर पाहण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या कडेला उभं राहून दिसतात.

एक म्हणजे वजन. किशोरी गटात वय सोळाच्या आत आणि वजन 55 किलोच्या आत लागतं. स्पर्धेच्या सकाळी काटा लावतात. पोरगी काट्यावर बसावी म्हणून आदल्या दिवशी तिला उपाशी ठेवणारे, पाणीसुद्धा तोडणारे लोक असतात. आणि "सरांनी दोन दिवसांत दोन किलो उतरवलं" असं कौतुकानं सांगणारे पालकही असतात. वाढत्या वयाच्या मुलीचं पाणी तोडून आणलेला चषक घरात कुठं ठेवणार? जन्मतारखेचा दाखला बदलून आणा, असं सुचवणाराही त्यातलाच. तो पोरीला खेळाआधी खोटं बोलायला शिकवतो.

दुसरी गोष्ट राखीव पाचजणींची. सरांचं खरं शिकवणं सातांवर कळत नाही, कारण त्या निम्म्या अंगभूत गुणावर खेळतात. आठवी ते बारावी या पोरी सराव संपल्यावर कशा चालतात ते पाहावं. पाणी आणण्यापुरत्या आणि टाळ्या वाजवण्यापुरत्या त्या आहेत, की त्यांनाही कुणी पकडीतला पाय कुठं ठेवायचा ते सांगतंय?

तिसरी गोष्ट हरल्यानंतरची सकाळ. स्पर्धा हरून आलेल्या पोरी दुसऱ्या दिवशी वेळेवर मैदानात आल्या, तर सर बरे आहेत. घरात तोंड लपवून बसल्या, तर सरांनी दम दिला आहे, दम शिकवलेला नाही.

या सगळ्याला पालकांचा दम लागतो. बी टाकल्यावर रोज उकरून पाहिलं तर उगवत नाही, हे दौंड तालुक्यातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा ठेवणारा बाप पोरीच्या चढाईला सहा महिने द्यायला तयार नसतो, याचं मात्र नवल वाटतं.

एका ठिकाणी मात्र दम धरायचा नाही. अजिबात नाही.

2022 च्या ऑक्टोबरात 17 वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला. अंतिम सामना नवी मुंबईत रंगला. त्याच्या तीन महिने आधी, भारतीय संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना, संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारीवरून परत बोलावून पदावरून काढण्यात आलं. देशाच्या संघात हे घडू शकतं, तर गावाच्या मैदानानं गाफील राहू नये. पोरगी अचानक मैदानावर जायला कां-कूं करू लागली, सरांचं नाव निघताच गप्प झाली, तर "थोडी कळ काढ, स्पर्धा तोंडावर आहे" हे वाक्य गिळून टाकायचं. तिला जवळ बसवायचं आणि ऐकायचं. मुलांची हेल्पलाइन 1098 आहे. 2012 चा पॉक्सो कायदा तर असं म्हणतो, की असा गुन्हा माहीत असून न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. ज्या सरांना पालक कडेला उभे राहिलेले खपत नाहीत, दारं लावून सराव घ्यावासा वाटतो, पोरीला एकटीलाच वेगळं थांबवावंसं वाटतं, त्यांचे चषक कितीही असोत, तिथं पोरगी ठेवायची नाही.

पोरी कुणाच्या भरवशावर सोपवायच्या, हा प्रश्न या मातीला नवा नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन पुण्यात असताना, 1893 साली, पालकांनी आपल्या मुली तिथून काढून घेतल्या. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वाद धर्माचा होता, दोन्ही बाजूंची माणसं मोठी होती. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई त्या वर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. रमाबाई पुढे इथं जवळच केडगावला आल्या, दुष्काळातल्या अनाथ मुलींसाठी त्यांनी मुक्ती सदन उभं केलं आणि 1922 साली तिथंच त्या वारल्या. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवण्याची आजची सकाळ नाही. पण एक दिसतं. मुलगी कुठं, कुणापाशी, काय शिकते आहे यावर शंभरावर वर्षांपूर्वीची माणसंही तावातावानं बोलत होती. पालकांनी बोलूच नये, असं म्हणणारा मी नाही. पोरगी सातात आहे की नाही, एवढ्यावर ते बोलणं संपू नये, इतकंच.

आज पहाटेही कडेला वाद रंगला होता. जिची मुलगी गेले काही महिने राखीव बसते, ती आईच बोलत होती, आणि मुद्देसूद बोलत होती. इतक्यात सरांनी हात केला आणि तिचीच पोरगी चढाईला निघाली. मध्यरेषेला हात लावून तिनं कपाळाला लावला आणि सुरू केलं, कबड्डी-कबड्डी-कबड्डी...

आईचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

पोरगी डाव्या कोपऱ्यावर गेली, मागे सरली, पुन्हा आत घुसली. समोरच्या दोघींनी हात धरून साखळी केली. चढाईला अर्धं मिनिट मिळतं. ते अर्धं मिनिट उसाला पाणी देऊन आलेला बाप हलला नाही, किटलीवाला हलला नाही. पोरीचा आवाज बारीक होत चालला, पण तुटला नाही. पाठीमागून पकड पडता पडता तिनं स्वतःला झोकून दिलं आणि बोटं मध्यरेषेला टेकली.

तेव्हा कुठं कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांनी श्वास सोडला. मीसुद्धा. इतका वेळ आपणही दम धरून होतो, हे त्या सुस्काऱ्यानंच कळलं.