बोलणे पुरे कुठे होते?

‘मी तर सांगितले होते!’ घरात काही बिनसले, निरोप चुकला, सासू-सुनांत अबोला धरला गेला, की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून हमखास निघते. बोलणाऱ्याने शब्द उच्चारले, तेथे त्याचे कर्तव्य संपले. ते समजले नसतील तर दोष ऐकणाऱ्याचा, असा त्यामागचा निवाडा असतो. व्यवहारात हा निवाडा आपण सारेच वापरतो. परंतु नीतीच्या कसोटीवर तो टिकतो काय?

संभाषणाविषयीची आपली कल्पना नकळत टपाल आणि टेलिफोन यांवर बेतलेली आहे. एकाने पाठवावे, दुसऱ्याने घ्यावे, मधली तार शाबूत असली म्हणजे झाले. क्लॉड शॅनन या अमेरिकन अभियंत्याने १९४८ मध्ये याच चित्राला गणिताचे रूप दिले. मात्र संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याच्या प्रश्नाला कर्तव्य नाही, हे त्याने प्रारंभीच स्पष्ट केले होते. अभियंत्याला ते शोभते. बापाला, शिक्षकाला, धर्मगुरूला ते शोभणार नाही. कारण अर्थावाचून देण्यासारखे त्यांच्याजवळ दुसरे काही नसतेच.

वऱ्हाडाला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज पडू नये. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरा येथे मामाच्या घरी गुरे राखत वाढलेले डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा, हे उत्तर आयुष्यभर गावोगाव देत फिरले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि मडके. गावात शिरताच बाबा प्रथम रस्ते झाडायला लागत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनात विद्वत्तेचे प्रदर्शन नव्हते. त्यात होते ते प्रश्न! देवाला कोंबडे-बकरे हवे असते काय, ऋण काढून सण करावा काय, पोराला शाळेत घातले काय, असे ते अस्सल वऱ्हाडीत विचारीत आणि समोरचा हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तर देई. उत्तर आल्यावाचून बाबा पुढे सरकत नसत. ज्यांना उभ्या जन्मात कोणी काही विचारले नव्हते, ज्यांनी सावकारापुढे, पाटलापुढे, भटजीपुढे केवळ मान हलवली होती, त्यांना येथे ‘नाही’ म्हणता येत होते, तेही मोठ्याने. बोलणे हे दोघांनी मिळून उचलायचे ओझे आहे, ही जाणीव त्या कीर्तनाच्या मुळाशी होती. १९५६ च्या डिसेंबरात वलगावनजीक बाबांनी देह ठेवला. अमरावतीच्या विद्यापीठाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला, याचे काहींना नवल वाटते. मला ते अगदी यथोचित वाटते.

येथे एक शंका घेतलीच पाहिजे. हजारोंच्या समुदायात ‘नाही’ म्हणणे सोपे असते. तेच लोक दुसऱ्या दिवशी घरी जाऊन लग्नासाठी कर्ज काढीत नसतील काय? काही जण निश्चितच काढीत असतील. गर्दीतले उत्तर हे पुष्कळदा गर्दीचेच उत्तर असते, त्यात माणूस सापडतोच असे नाही. आपल्या मिस्सेतील प्रतिसादांविषयीही हे म्हणता येईल. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ मध्ये लोकभाषेला उपासनेचे दार उघडले, लॅटिन मागे पडली, आणि समुदाय आपल्या भाषेत उत्तर देऊ लागला. ही सामान्य गोष्ट नव्हे. पण सवयीने दिलेले उत्तर कानांच्या आत पोहोचतेच, असा भरवसा कोणी द्यावा?

मार्कच्या शुभवर्तमानातील बहिऱ्या-तोतऱ्या माणसाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. लोक त्याला प्रभू येशूकडे घेऊन येतात. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला, एकीकडे नेतो. त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, उसासा टाकतो आणि मग ‘एफ्फाथा’ हा एकच शब्द उच्चारतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी येशू प्रथम स्पर्शाच्या भाषेत बोलला, त्याला कळेल अशा भाषेत. आणि क्रमही पाहावा: आधी कान उघडले, मग जीभ मोकळी झाली. बाप्तिस्म्याच्या विधीत बाळाच्या कानांना आणि मुखाला स्पर्श करण्याची जी प्रथा आहे, ती येथूनच आली.

जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी मार्टिन नावाच्या एका बहिऱ्या माणसाला खुणांच्या साहाय्याने श्रद्धेची शिकवण दिली व ख्रिस्तप्रसादासाठी त्याची तयारी करून घेतली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. आपल्याला त्यांची आठवण अधिक जवळची, कारण त्यांच्याच नावाच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात नागपूर प्रांतात आले, आणि १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन अमरावतीचा धर्मप्रांत उभा राहिला. १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी फ्रान्सिस यांना लेखकांचे आश्रयदाते ठरवले. बहिऱ्यांचेही ते आश्रयदाते मानले जातात. या दोन गोष्टी एकाच संताकडे याव्यात, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

समोरच्याची भाषा शिकणे म्हणजे केवळ व्याकरण शिकणे नव्हे. वऱ्हाडी माणूस ‘तो येऊन राहिला’ म्हणतो, तेव्हा तो वाटेवर आहे, येतो आहे, असे त्याला सांगायचे असते. पुण्याचा श्रोता समजतो की पाहुणा येऊन मुक्कामाला राहिला. ‘काया’ म्हटले की एकाला देह आठवतो, दुसऱ्याला काळा रंग. असे घोटाळे हसून सोडून देता येतात. परंतु ‘काहून’ म्हणणाऱ्या मुलाला ‘का म्हण’ असे चारचौघांत दटावले जाते, तेव्हा ते हसण्यावारी नेता येत नाही. त्या मुलाने खरे तर कारण विचारले होते. त्याला कारण मिळाले नाही, उच्चाराचा धडा मिळाला. असे चारदा घडले की पाचव्यांदा ते विचारीत नाही, आणि मोठी माणसे म्हणतात, पोरगे फार शांत आहे हो!

ही शांतता वऱ्हाडात किती महाग पडली, ते आपण जाणतो. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले. व्याजमाफी, सिंचन, बियाणे असे पुष्कळ काही त्यात होते, आणि ते आवश्यकही होते. कपाशी बुडाली, बँकेची नोटीस आली, मुलीचे लग्न तोंडावर आले, एवढे सारे ज्याच्या मनात साचले आहे, तो माणूस मात्र जेवताना ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढेच म्हणतो. विचारणाऱ्याने विचारले, उत्तर देणाऱ्याने उत्तर दिले. तारेत बिघाड नाही. तरीही काहीच बोलले गेलेले नसते. पुढे राज्याच्या आरोग्य विभागाने प्रेरणा प्रकल्पातून आशा कार्यकर्त्यांवर घरोघरी विचारपूस करण्याचे काम सोपवले; कोणी तरी दारात जाऊन विचारावे लागते, हे शासनालाही उमगले म्हणायचे.

ऐकणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, हे मी नाकारीत नाही. कान असून न ऐकणाऱ्यांविषयी प्रभू स्वतःच कठोर बोलला आहे. जो जाणूनबुजून बहिरा होतो, त्याचा हिशेब बोलणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. पण तो बहिरा झाला आहे की आपला शब्दच त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही, हे ठरवण्याआधी निदान एकदा तरी त्याला गर्दीतून बाजूला घेतले पाहिजे. मिस्सेनंतर पटांगणात क्षेमकुशल विचारतो, तेव्हा ‘बरं आहे’ हे उत्तर आपण गृहीतच धरलेले असते. पाय स्कूटरकडे वळलेले असतात. समोरच्यालाही ते दिसते, आणि तो नेमके तेच उत्तर देतो. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे, ‘काहून गा, गुमसुम काहून?’ असे त्याच्याच बोलीत विचारावे, आणि ‘काही नाही’ ऐकू आल्यावरही लगेच उठू नये. कधी कधी दुसरा चहा होईपर्यंत थांबावे लागते.