पायधूळ

पाहुण्याला घरी बोलावण्याची आपल्या भाषेत एक फार नम्र रीत आहे. ‘एकदा गरिबाच्या घरी पायधूळ झाडा,’ असे आपण म्हणतो. गंमत अशी, की पाहुणा एक दिवस खरोखरच येतो, आणि खरोखरच पायधूळ झाडतो! त्यातून फरशीला नुकतेच पॉलिश झालेले असले, तर यजमानाचा चेहरा बघावा. ‘अहो, असू द्यात चपला!’ असे तोंड म्हणत असते आणि डोळे त्या चपलांच्या मागोमाग कोचापर्यंत जात असतात.

जमीन माणसासाठी की माणूस जमिनीसाठी, हा प्रश्न आमच्या आजीला कधी पडला नाही. तिची जमीन शेणाने सारवलेली. पाणी सांडले तर जमीन ते निमूट पिऊन टाकी. पोपडे निघाले की आजी पुन्हा सारवी. त्या जमिनीला विसरण्याची विद्या अवगत होती. पुढे शहाबादी आली, मग मोझाइक आले. संगमरवराची खडी सिमेंटमध्ये बसवलेल्या त्या लाद्या आधी घालायच्या, मग घिसाईचे मशीन आणून घरभर राडा करायचा आणि शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड घासून चमक आणायची. एवढे सोसल्यावर जमीन काय विसरते! चमकणारी फरशी पाण्याचा एकेक थेंब डाग म्हणून जपून ठेवते.

या फरशीची मर्जी सांभाळण्याचे शास्त्र तसे सोपे आहे. आधी केर, मग पाणी. कारण बारीक वाळू तशीच राहिली तर फडके म्हणजे पॉलिशपेपरच. संगमरवराजवळ लिंबू, चिंच, व्हिनेगर फिरकू द्यायचे नाही. तो जातीचा चुनखडीचा, आंबट लागले की त्याचे तेज जाते. संडासाचे अ‍ॅसिड तर त्याच्या स्वप्नातही येता कामा नये. हल्लीच्या व्हिट्रिफाइड टाइल्सना पॉलिश लागत नाही. पण साबण जास्त झाला तर त्याचाच थर बसून त्या मळकट दिसतात. म्हणजे स्वच्छतेचाही अतिरेक झाला की मळ होतो. हे वाक्य मी फरशीबद्दलच लिहितो आहे, बरे का!

पण खरा पेच पुढेच आहे. ही फरशी कोणाची? कागदोपत्री मालकाची. मालक तिला साडेपाच फुटांवरून पाहतो. उकिडवी बसून पुसणाऱ्या बाईला मात्र कुठली लादी हलते, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचते, हे तळहातासारखे ठाऊक असते. पुसून झाल्यावर ती म्हणते, ‘दादा, जरा वाळू द्या, मग या.’ आणि घराचे कर्ज फेडणारे दादा दारातच एका पायावर उभे राहतात. त्या घरात तिचे राज्य असते ते एवढी पाच मिनिटे. बाकीच्या दिवसभरात, ‘बाई, हे काय राहिलं?’

आणि गॅसवाला? भरलेला सिलिंडर जवळजवळ तीस किलोचा. जिने चढून घामाघूम झालेला तो माणूस दाराशी सिलिंडर तिरपा करतो, तोच आतून आवाज येतो, ‘अहो, लोटू नका! उचलून आणा, लादीवर ओरखडे पडतात!’ तो बिचारा उचलतो. ओरखडा लादीवर पडत नाही एवढे खरे. दगडाची काळजी घेता घेता आपण माणसाच्या पाठीचा भाव किती ठरवला, हा हिशेब घरात कोणी मांडत नाही.

म्हणून काय फरशी पुसूच नये? तसे मुळीच नाही. रोज पुसावी, कोपऱ्यांसकट पुसावी. जमल्यास एखाद्या रविवारी आपण स्वतः उकिडवे बसून पुसावी. गुडघे फार लवकर तत्त्वज्ञान शिकवतात. मात्र चमक पुरेशी झाली की नाही, हे दिव्याच्या प्रतिबिंबावरून ठरवू नये. दारात आलेला घामेजला माणूस ‘इथंच बसतो जरा’ म्हणून बेलाशक मांडी ठोकतो की नाही, ते पाहावे. जुन्या घरांतल्या उंबऱ्याजवळची शहाबादी आठवा. तिला मशीन लागलेले नसे, तरी ती आरशासारखी गुळगुळीत असे. पन्नास वर्षे येणाऱ्याजाणाऱ्यांनी नुसत्या पायांनी तिला पॉलिश केलेले असे, तेही फुकट!