सातवं ब्लेड

बसू नकोस, उभाच रहा. जेट इंजिनाची बारा ब्लेड, अकरा मिनिटं, आणि बाराही कार्डांवर तुझी सही, ‘भेग नाही’. सातव्या ब्लेडच्या मुळाशी भेग आहे. मला ठाऊक आहे, कारण ते बाद झालेलं ब्लेड काल मीच ट्रेमध्ये मिसळून ठेवलं होतं.

कारणं सांगू नकोस, मी पाहत होतो. संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनवरून भर उन्हात चालत आलास, डोळ्यांवर तोच उन्हात काळा होणारा चष्मा, आणि तसाच तडक अंधाऱ्या खोलीत शिरलास. आधी काळोखात स्वस्थ बसायचं, डोळे सरावू द्यायचे, मगच यूव्ही दिव्याखाली ब्लेड धरायचं, हे किती वेळा सांगितलं? त्यात खिशातला मोबाइल दोनदा उजळला. भेगेत शिरून चमकणाऱ्या पेनिट्रंटची ती पोपटी रेघ केसाएवढी असते रे. अशा डोळ्यांना ती दिसणार कुठून?

आणि वर म्हणतोस, ‘सर, पुढे इंजिनिअर बघतातच की.’ अरे, तो पुढचा इंजिनिअर तूच व्हायला निघालायस ना? नागपूरच्या मिहानला नाहीतर मुंबईला, इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये जायचंय तुला. इथून जवळ चाकणला जीईच्या कारखान्यात 2015पासून जेट इंजिनाचे भाग बनतात, ते कोरे करकरीत असतात. दुरुस्तीला येतो त्या भागाने हजारो उड्डाणं सोसलेली असतात. इंजिन उघडलं की भागांचा डोंगर. देखरेख करणारा प्रत्येक भाग हातात घेऊ शकत नाही, खालच्याच्या सहीवर तो आपली सही करतो. खालचा म्हणतो वर बघतील, वरचा म्हणतो खाली बघितलं असेल.

त्याने काय होतं ते ऐक. 19 जुलै 1989, अमेरिकेतलं सू सिटी. युनायटेडचं डीसी-10, शेपटातल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियम डिस्क हवेत फुटली. तिच्या तुकड्यांच्या माऱ्यात तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. विमानात 296 माणसं होती, 112 गेली. डिस्कचे तुकडे तीन महिन्यांनी, कापणीच्या वेळी, मक्याच्या शेतात सापडले. डिस्क ज्या भेगेपासून फुटली, तिच्या आत तपासणाऱ्यांना काय मिळालं माहीत आहे? पेनिट्रंटचे अंश. 760 उड्डाणांपूर्वी ती डिस्क अशाच अंधाऱ्या खोलीत येऊन गेली होती. भेग तेव्हा जवळजवळ अर्धा इंच लांब असावी असा त्यांचा हिशोब निघाला. पेनिट्रंट भेगेत शिरलं होतं, त्याने आपलं काम केलं होतं. माणसाच्या डोळ्याने केलं नाही, आणि कागदावर मात्र भाग ठीक!

मी रागावलोय ते एका ब्लेडसाठी नाही. तुझा हात चांगला आहे, नजर तीक्ष्ण आहे, म्हणूनच जीव जळतो. उद्या तुझ्या हाताखाली चार पोरं असतील. दहा तास उभं राहून एखाद्याचे डोळे चुरचुरत असतील, तेव्हा ‘पुरे, उरलेलं सकाळी’ म्हणायची हिंमत तुझ्यात पाहिजे. विमान कितीही अडकून पडलेलं असो, वरून कितीही फोन येवोत. दिव्याची तीव्रता मोजली का, भाग नीट धुतला होता का, हे आत जाऊन तूच बघायचंस. केबिनमध्ये बसून कागद सरकवणं म्हणजे देखरेख नव्हे.

बाराही कार्डं इकडे दे. फाडणार नाही, फाइलला लावणार आहे, तुझ्या सहीसकट. चष्मा टेबलावर ठेव, मोबाइलही. बाराही ब्लेड पहिल्यापासून कर, धुण्यापासून. आणि आत गेलास की मी दारावर टकटक करेपर्यंत दिव्याला हात लावायचा नाही.