चालण्याचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाशीच्या घाऊक बाजारात अजूनही वह्यांची पूजा होते. सगळा हिशेब संगणकात गेला, तरी एक कोरी चोपडी आणून तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढायचे काही व्यापाऱ्यांनी सोडलेले नाही. त्यांचे ठीक आहे. त्यांच्या वहीत दुसऱ्याचे पैसे असतात, म्हणून ती खरी असावी लागते. पण गेले वर्षभर मीही एक वही ठेवतो आहे, आणि तिच्यात माझ्याखेरीज कोणाचेच देणेघेणे नाही. मग ती खरी असण्याची गरज कोणाला? हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

माझी वही मोबाइलमध्ये आहे. साठी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितले की नुसते चालून भागणार नाही, स्नायूंनाही काम द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्लाही तोच आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम. मुलाने फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिले. चालण्याची नोंद ते आपणच करते. खिशातल्या फोनला शरीराचा हिसका कळतो आणि त्यावरून तो पावले मोजतो. वजने उचलल्याची नोंद मात्र आपण करायची असते : कोणता व्यायाम, किती किलो, किती वेळा. म्हणजे एक हिशेब यंत्राच्या हाती, दुसरा माझ्या सचोटीच्या.

ती सचोटी फार दिवस टिकली नाही. एका सकाळी दहा किलोंचे डंबेल दहा वेळा उचलायचे होते. आठव्या खेपेलाच हात थरथरला आणि मी ते खाली ठेवले. पडद्यावर मागच्या वेळचा आकडा, दहा, तयारच होता. फक्त बरोबरची खूण दाबायची होती. मी ती दाबली. खोलीत कोणी नव्हते. तरीही दाबताना मी दाराकडे पाहिले!

ही लबाडी मी कोणाशी केली? वाचक म्हणतील, दोन आकड्यांचा एवढा बाऊ कशाला? पण त्या दहावर विसंबून पुढच्या आठवड्यात मी साडेबारा किलो घेतले आणि मनगट दुखावून बसलो. शरीराला वही वाचता येत नाही. त्याला जेवढे झाले तेवढेच ठाऊक असते. आपली फसवणूक आपल्यापुरतीच राहते, हा समज खोटा आहे. जो लिहितो तो एक असतो, आणि ज्याला भरावे लागते तो दुसरा असतो, मग दोघांचे नाव एक का असेना.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची एक छोटी वही केली होती. ज्या दिवशी ज्या गुणात चूक होई, त्या घरात तो काळा ठिपका देई. जुने ठिपके खरवडून तीच पाने पुन्हा वापरता वापरता कागदाला भोके पडली, तेव्हा त्याने पुसून घेता येतील अशी हस्तिदंती पाने घेतली. त्याच्या वहीत चुका होत्या. माझ्या वहीत नुसते पराक्रम आहेत. सलग किती दिवस झाले, सर्वांत वेगवान फेरी कोणती, हेच ती कौतुकाने सांगते. जिच्यात खर्चाची बाजूच नाही, तिला जमाखर्चाची वही कसे म्हणावे?

अर्थात मोजण्याची सवय काही परक्यांची नव्हे. तालमीत बैठका मोजतात. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यातही संख्या होतीच. आजीची जपमाळ १०८ मण्यांची. पण ती माळ गोमुखीत असे. किती झाले ते दुसऱ्याला दिसू नये, आणि मोजण्याचे काम बोटांनी करावे म्हणजे मन नामासाठी मोकळे राहील, अशी ती योजना. माझे नेमके उलट झाले आहे. मोजण्याचे काम फोन करतो, आणि मन मात्र त्या आकड्यापाशीच बसून राहते.

तो आकडा तरी कुठून आला? दहा हजार पावलांचा दंडक म्हणजे काही ऋषिवचन नव्हे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’. गोल आकडा आधी आला, पुरावा पुढे शोधला गेला. वृद्ध स्त्रियांच्या २०१९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले, आणि सुमारे ७,५०० नंतर लाभ वाढेनासा झाला. म्हणजे शेवटच्या सहाशे पावलांसाठी रात्री दिवाणखान्यात मी घातलेल्या येरझाऱ्या, ही एका शून्यांच्या रांगेची सेवा होती.

येरझाऱ्यांनी कोणाचे नुकसान झाले नाही. सागर विहारला झाले. खाडीकाठी संध्याकाळी आम्ही दोघे जातो. पत्नीचा गुडघा दुखतो, त्यामुळे ती हळू चालते, आणि तिच्याबरोबर चाललो की माझी सरासरी घसरते. एके दिवशी ती म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे, मी बसते बाकावर.” मी झालो! चार फेऱ्या मारून आलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि चिखलावर बगळे उतरले होते. तिने ते सगळे पाहिले होते. मला एवढेच म्हणाली, “झाले का मोजून?” त्या रात्री अ‍ॅपने माझे अभिनंदन केले : महिन्यातला सर्वोत्तम वेग. तिची अनुपस्थिती माझ्या खाती जमा म्हणून पडली होती.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असे आढळले की पावले मोजणारे लोक अधिक चालतात, पण चालण्याचा आनंद त्यांना कमी होतो. मला त्याचे नवल वाटले नाही.

मग वही फाडून टाकावी का? तसे म्हणवत नाही. ज्या बाजारापासून सुरुवात केली तिथेच माथाडी कामगार पाठीवर गोणी वाहतात. माझ्या डंबेलाच्या कितीतरी पट वजन, आणि तेही हौसेने नव्हे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांची नोंदणी झाली, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. ज्याचे श्रम कोणी मोजतच नव्हते, त्याला नोंद म्हणजे प्रतिष्ठा होती. तेव्हा दोष मोजण्याचा नाही. त्याची नोंद त्याचे देणे दुसऱ्याकडून वसूल करते. माझी नोंद माझ्याकडून दुसऱ्याचे देणे विसरवीत होती.

म्हणून वही ठेवली आहे. आठ झाले तर आठ लिहितो. लिहिताना अजूनही थोडे जड जाते. पत्नीबरोबर जातो तेव्हा फोन घरी ठेवतो. परवा आम्ही एकच फेरी मारली आणि बराच वेळ बाकावर बसलो. घरी आल्यावर पाहिले, तर त्या दिवसाच्या घरात फारसे काही नव्हते. मी पाहिले खरे; ती सवय गेलेली नाही.